पाटी दुकानाची, चूल कोणाची?

वाचकांच्या पैशाअडक्याच्या प्रश्नांचे सदर. उत्तरे देणाऱ्या ताई मूळच्या सांगलीच्या. इंग्लंडात स्लाऊ येथे एका बिल्डिंग सोसायटीच्या (सभासदांच्या मालकीच्या, बचत आणि घरकर्जाच्या संस्थेच्या) काउंटरवर २२ वर्षे काम करून निवृत्त झाल्या आहेत.

प्रश्न : नमस्कार ताई. मी लेस्टरला ३१ वर्षे राहतो. वय ५७. गेल्या वर्षी गोदामातली नोकरी गेली, रिडंडन्सीचे, म्हणजे नोकरी गेल्याच्या भरपाईचे, ४५,००० पौंड हातात आले. आता अर्धवेळ काम करतो, वर्षाला १९,००० मिळतात. बायको शाळेत मदतनीस आहे, तिला ११,४००. याआधीची आमची पुंजी ९२,००० पौंड, ती माझ्या एकट्याच्या नावावर बार्कलेजच्या जुन्या बचत खात्यात पडून आहे. सगळे एकाच बँकेत नको म्हणून हे नवे ४५,००० टेस्को बँकेत ठेवावेत असे माझ्या मनात आहे. दर शनिवारी आम्ही टेस्कोच्या सुपरमार्केटातच जातो, खरेदीवर पॉइंट देणारे त्यांचे क्लबकार्ड आहे, दुकान ओळखीचे आहे. बायको म्हणते, "जिथून कांदे आणायचे त्याच्याकडे जन्माची कमाई कशी द्यायची?" ठेव सुरक्षित राहील ना? आणि पॉइंटचा काही फायदा?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : वहिनींची शंका रास्त आहे, पण त्यांनी दोष दिला तो भलत्यालाच. कांदेवाल्याकडे तुमचे पैसे जाणारच नाहीत. ते जाणार आहेत बार्कलेजकडे.

हे वाचून तुम्ही चमकला असाल. टेस्कोने आपला बँकेचा व्यवसाय, म्हणजे बचत खाती, क्रेडिट कार्डे आणि कर्जे, बार्कलेजला विकला. १ नोव्हेंबर २०२४ ला व्यवहार पुरा झाला. नाव टेस्कोचेच ठेवायचे, असा दोघांत करार आहे. त्यामुळे पाटी तीच, निळा-लाल रंग तोच, पण आत स्वयंपाक करणारा वेगळा. तुम्ही 'सगळे एकाच बँकेत नको' म्हणून बार्कलेजच्या पुढच्या दाराने बाहेर पडताय आणि टेस्कोच्या दाराने परत बार्कलेजच्याच माजघरात शिरताय.

याचा हिशेब मांडू. ब्रिटनमध्ये बँक बुडाली तर ठेवीदाराला एफएससीएस ही योजना भरपाई देते. ही मर्यादा बरीच वर्षे ८५,००० पौंड होती, १ डिसेंबर २०२५ पासून ती १,२०,००० झाली. पण ही रक्कम एका खात्यामागे नसते. एका माणसाला, बँकेच्या एका परवान्यामागे असते, आणि टेस्को बँक आता बार्कलेजच्याच परवान्यावर चालते. तुमचे ९२,००० आणि ४५,००० मिळून होतात १,३७,०००. म्हणजे १७,००० पौंड विम्याच्या छत्रीबाहेर भिजत उभे. बार्कलेज उद्या बुडेल असे मी म्हणत नाही. पण ज्या कारणासाठी तुम्ही दुसरी बँक शोधताय, तेच कारण इथे साधत नाही.

'परवाना' हा शब्द रुक्ष आहे. काउंटरवर असताना मी आपल्या लोकांना 'चूल' म्हणून सांगायचे, आणि लगेच कळायचे. घरे दोन असली तरी चूल एक असेल तर कुटुंब एक. एचएसबीसी आणि फर्स्ट डायरेक्ट ही दोन नावे, चूल एक. हॅलिफॅक्स आणि बँक ऑफ स्कॉटलंड, तिथेही एकच चूल. उलट नॅटवेस्ट आणि आरबीएस (रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड) ही सख्खी भावंडे, एकाच गटातली, पण दोघांच्या चुली वेगळ्या, म्हणून भरपाईची मर्यादाही वेगवेगळी. आडनावावरून काहीच ओळखता येत नाही. खाते उघडण्याआधी त्या संकेतस्थळाच्या अगदी तळाशी, जिथे कोणी वाचत नाही अशा बारीक अक्षरात, 'अमुक हे तमुक बँकेचे व्यापारी नाव आहे' असे एक वाक्य असते. ते वाचा. मग एफएससीएसच्या साइटवर बँकांची नावे आणि रकमा टाकून किती सुरक्षित आहे ते तपासा, तशी सोय तिथे आहे.

मी या एका गोष्टीवर इतकी अडून का बसते, ते सांगते. माझे वडील सांगलीत शिक्षक होते. निवृत्तीचे पैसे त्यांनी एका सहकारी बँकेत ठेवले, तेही मोठ्या हुशारीने. निम्मे गावभागातल्या शाखेत, निम्मे विश्रामबागच्या शाखेत. "सगळी अंडी एका टोपलीत नकोत," असे नाही म्हणायचे ते, शाकाहारी होते. "एक विहीर आटली तर दुसरी आहे," म्हणायचे. दोन पासबुके, दोन रबरी पट्ट्यांनी बांधलेली. मग बँकेवर निर्बंध आले आणि पैसे काढणे बंद झाले. तेव्हा भारतात ठेवविमा १ लाख रुपये होता (१९९३ पासून तेवढाच होता, ५ लाख झाला तो ४ फेब्रुवारी २०२० ला). वडिलांचे मिळून २ लाख ४० हजार. त्यांची खात्री, की दोन शाखा म्हणजे दोन लाख तरी मिळणार. तिथल्या साहेबाने सांगितले, मास्तर, शाखा दोन असल्या तरी बँक एक, तुम्हाला लाखच. त्या लाखासाठीही पुढे किती हेलपाटे झाले ते सांगत नाही. विहिरी दोन होत्या, झरा एकच होता.

इथेही लोक घाबरलेले मी पाहिलेत. १४ सप्टेंबर २००७, शुक्रवार. नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांसमोर रांगा लागल्या. त्या वेळचा नियम असा, की पहिल्या २,००० पौंडांची पूर्ण हमी आणि पुढच्या ३३,००० पैकी ९० टक्के. बहुतेकांना हा नियम त्या दिवशी पहिल्यांदा कळला. आमच्या काउंटरवर एक आजी पिशवीत रोख घेऊन आल्या होत्या, त्यांच्या पिशवीत वरती एक ब्रेडही होता. "चोराला वाटावे बाजार करून चालले आहे," म्हणून. तेव्हापासून नियम पुष्कळ सुधारले. आता बँक बंद पडली तर सहसा ७ कामकाजी दिवसांत पैसे हातात येतात.

सुपरमार्केटची बँक ही कल्पना मुळात वाईट नव्हती. १९९७ मध्ये सेन्सबरीज आणि टेस्को दोघेही यात उतरले, आणि दोघांच्या मागे पहिल्यापासून स्कॉटलंडची एकेक बँक उभी होती. सेन्सबरीजमागे बँक ऑफ स्कॉटलंड, टेस्कोमागे रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड. नंतर दोन्ही दुकानांना वाटले, भागीदार कशाला, आपणच करू. टेस्कोने २००८ मध्ये भागीदाराचा हिस्सा विकत घेतला, सेन्सबरीजने २०१४ मध्ये. दुकान चालवणे आणि बँक चालवणे यातला फरक मग कळला. टोमॅटो सकाळी आणले, संध्याकाळी संपले. कर्ज दिले की ते पंचवीस वर्षे सांभाळायचे, त्यामागे भांडवल अडकवून ठेवायचे, नियामकाला उत्तरे द्यायची. टेस्कोने २०१९ मध्ये घरकर्जे विकली, ३० नोव्हेंबर २०२१ ला चालू खाती बंद केली आणि शेवटी उरलेले बार्कलेजला दिले. विमा, परकीय चलन, एटीएम वगैरे स्वतःकडे ठेवले.

वहिनींच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. नोव्हेंबर २०१६ मध्ये टेस्को बँकेच्या चालू खात्यांवर ऑनलाइन दरोडा पडला, २२ लाख ६० हजार पौंड गेले. ग्राहकांना पैसे परत मिळाले, आणि २०१८ मध्ये नियामकाने बँकेला १ कोटी ६४ लाख पौंड दंड केला. पण चोरी वेगळी आणि बुडणे वेगळे. एफएससीएस बुडण्यासाठी आहे. चोरीची भरपाई बँकेलाच करावी लागते, आणि त्यासाठी तुम्हाला लगेच फोन करावा लागतो.

आता पॉइंट. भाऊ, मला क्लबकार्ड आवडते, माझ्याही पर्समध्ये आहे. पण हिशेब करा. दुकानात १ पौंडाला १ पॉइंट, १०० पॉइंटचे १ पौंडाचे कूपन. तुमच्या ४५,००० वर दुसऱ्या कोणाकडे अर्धा टक्का जास्त व्याज असेल तर वर्षाला २२५ पौंड जास्त. तेवढे कूपन जमवायला २२,५०० पौंडांचे वाणसामान भरावे लागेल. लेस्टरमधले सगळे मंडळ जेवायला बोलावले तरी एवढा किराणा लागणार नाही. खाते निवडताना व्याजदर बघा, पॉइंट विसरा.

दरातही एक मेख असते. मोठ्या अक्षरात लिहिलेल्या दरात बऱ्याचदा पहिल्या १२ महिन्यांचा बोनस मिसळलेला असतो. वर्ष झाले की बोनस गळून पडतो आणि खाली मूळ दर उघडा पडतो. ही गोष्ट मी बावीस वर्षे लोकांना सांगितली, आणि स्वतः फसले. एका सुपरमार्केटच्या नावाच्या खात्यात माझे १८,००० पौंड होते. बोनस कधी संपणार ती तारीख मी कॅलेंडरवर लिहिली, ते कॅलेंडर डिसेंबरात रद्दीत दिले, नवीनवर उतरवून घ्यायचे राहिले. चौदा महिन्यांनी लक्षात आले तेव्हा चारशेवर पौंडांचे व्याज गेलेले. नवऱ्याला अजून सांगितलेले नाही. ते हे सदर वाचत नाहीत.

आता तुमच्या पत्रातली खरी गोष्ट, जी तुम्ही विचारलीच नाही. तुम्हाला काळजी नव्या ४५,००० ची आहे, मला आहे जुन्या ९२,००० ची. खात्याचा दर तुम्ही लिहिला नाहीत, आणि ज्याला आपल्या खात्याचा दर तोंडपाठ नसतो त्याचा दर सहसा सांगण्यासारखा नसतो. जुन्या खात्यांना बँका नव्या ग्राहकांइतके व्याज देत नाहीत. आज रात्री ॲप उघडा आणि बघा. बाहेर कोणाकडे दोन टक्के जास्त मिळत असतील, तर ९२,००० वर तुम्ही वर्षाला १,८४० पौंड सोडताय. त्यापुढे टेस्को की आणखी कोण, हा प्रश्नच किरकोळ आहे.

आणि कर. तुमच्यासारख्या बेसिक रेट, म्हणजे कराच्या खालच्या टप्प्यातल्या, करदात्याला वर्षाला १,००० पौंड व्याज करमुक्त, त्यापुढे २० टक्के. एप्रिल २०२७ पासून बचतीच्या व्याजावरचा हा दर २२ होणार आहे. ९२,००० वर जेमतेम दीड टक्का मिळत असेल तरी १,३८० झाले, म्हणजे तुमची मर्यादा आधीच ओलांडली. आता वहिनींकडे बघा. त्यांची कमाई ११,४००. कमी कमाईच्या माणसाला व्याजासाठी ५,००० पौंडांची आणखी एक सवलत मिळते. पर्सनल अलाउन्समधले (करमुक्त कमाईच्या मर्यादेतले) उरलेले १,१७०, हे ५,००० आणि वरचे १,००० धरून त्यांना वर्षाला ७,१७० पौंडांपर्यंतचे व्याज एक पेनीही कर न देता घेता येईल. शिवाय एफएससीएसची मर्यादा माणसागणिक असल्याने वहिनींचे १,२०,००० तुमच्या १,२०,००० हून अगदी वेगळे.

म्हणजे उत्तर असे निघते. हे ४५,००० वहिनींच्या नावाने ठेवा. मग बँक टेस्कोच्या नावाची घेतलीत तरी सगळी रक्कम सुरक्षित, आणि कर शून्य. मात्र पैसे खरोखर त्यांचे व्हायला हवेत. कागदावर त्यांचे आणि एटीएमचा पिन तुमच्या डोक्यात, असे नाही. ते जमत नसेल तर दोघांच्या नावाने जोडखाते उघडा. त्यात निम्मे तुमचे धरतात, म्हणजे तुमच्या बाजूला ९२,००० अधिक २२,५००, एकूण १,१४,५००. छत्रीच्या आत, पण कडेला. दोन-तीन वर्षांच्या व्याजाने पाऊल पुन्हा बाहेर पडेल.

५ एप्रिलला करवर्ष संपते, त्याच्या आत दोघांनीही कॅश आयसाचा, म्हणजे करमुक्त बचत खात्याचा, विचार करा. सध्या वर्षाला प्रत्येकी २०,००० पौंड टाकता येतात, व्याजावर कर नाही. एप्रिल २०२७ पासून ६५ च्या आतल्यांना कॅश आयसात वर्षाला १२,००० च टाकता येतील. आणि एकदा टाकलेले पैसे दुसऱ्या बँकेच्या आयसात न्यायचे असतील तर काढून नेऊ नका, काढले की त्यांचे करमुक्त कवच गेले. नव्या बँकेचा ट्रान्सफर फॉर्म भरा, बाकी ते करतात. कॅश आयसाला १५ कामकाजी दिवस लागतात.

सहा महिने घर चालेल एवढी रक्कम केव्हाही काढता येईल अशा खात्यात असू द्या. तुमची नोकरी नुकतीच गेली आहे, सगळे मुदत ठेवीत अडकवण्याची ही वेळ नव्हे. बाकीच्यातले काही वर्षभरासाठी बांधले तरी चालेल.

टेस्कोचा दर त्या दिवशी सगळ्यात चांगला असला तर जरूर घ्या, मला त्याचे वावडे नाही. फक्त दुकान ओळखीचे म्हणून घेऊ नका.

प्रश्न : मावशी, मी लीड्सला नर्स आहे. सेन्सबरीज बँकेत माझे ९,००० पौंड होते. आता नॅटवेस्टची पत्रे येतात. मी नॅटवेस्टमध्ये कधी खातेच उघडले नव्हते. माझी रूममेट म्हणते हा फ्रॉड आहे, पत्रे फाडून टाक. पगाराचे खाते आरबीएसमध्ये आहे.
— एक वाचक, लीड्स

उत्तर : फाडू नकोस गं. सेन्सबरीजने बचत खाती, कार्डे आणि कर्जे नॅटवेस्टला दिली, १ मे २०२५ पासून. तुझे पैसे तुला न विचारता घर बदलून गेले, हे खरे, पण कायद्याने तसे करता येते. पत्र खरे असण्याची शक्यता मोठी आहे. तरी रूममेटची सावधगिरी चांगली, अशा बदलाच्या काळात लबाडांचे मेसेज फिरतात. ईमेलमधल्या लिंकवर बोट ठेवू नकोस. नॅटवेस्टचा पत्ता स्वतः टाइप कर, नाहीतर शाखेत जा, पासपोर्ट घेऊन.

९,००० ला विम्याची चिंता नाही. आरबीएस आणि नॅटवेस्ट, वर म्हटले तसे, भावंडे असून चुली वेगळ्या. तू फक्त एवढे बघ, की नव्या घरात तुझा दर किती झाला. कमी वाटला तर दुसरीकडे ने. सेन्सबरीजशी तुझे नाते आता मेथीच्या जुडीपुरते उरले आहे, तेही मिळाली तर.

प्रश्न : आम्ही रॉचडेलजवळ राहतो आणि को-ऑप या सहकारी दुकानांच्या साखळीचे सभासद आहोत. वडील कोल्हापुरात सहकारी चळवळीत होते, म्हणून सहकाराबद्दल आपुलकी आहे. आमच्या दुकानाची बँक म्हणून को-ऑपरेटिव्ह बँकेत बचत खाते उघडावे म्हणतो. योग्य?
— एक सभासद

उत्तर : रॉचडेलचे नाव काढलेत आणि मला बरे वाटले. १८४४ मध्ये तुमच्या शेजारच्या या गावात काही कारागिरांनी पीठ, लोणी, साखर विकायला दुकान काढले, आणि जगभरच्या सहकाराची, म्हणजे आपल्या कोल्हापूरचीही, मुळे तिथवर जातात. बँक त्यातूनच १८७२ मध्ये निघाली.

पण ती आता तुमच्या दुकानाची नाही. २०१३ मध्ये तिच्या भांडवलात दीड अब्ज पौंडांचे भगदाड सापडले, हेज फंडवाले, म्हणजे बड्यांचा पैसा फिरवणारे गुंतवणूकदार, शिरले आणि २०१७ पर्यंत को-ऑप दुकानाचा तिच्यातला उरलासुरला हिस्साही संपला. पुढे काही वर्षे नाव सहकाराचे आणि मालक गुंतवणूकदार, असा प्रकार होता. १ जानेवारी २०२५ ला कॉव्हेंट्री बिल्डिंग सोसायटीने ती ७८ कोटी पौंडांना घेतली. बिल्डिंग सोसायटी ही सभासदांच्या मालकीची असते, तेव्हा फिरून फिरून बँक पुन्हा सभासदांच्या घरी आली. फक्त ते सभासद कॉव्हेंट्रीचे, तुम्ही नव्हे.

खाते उघडायला हरकत नाही, दर बघून उघडा. दुकानातली सभासदांची सवलत मात्र तुमचीच आहे. परवा दही घेताना कार्ड दाखवायला विसरलात असे वहिनींनी तुमच्या पत्राखाली पेन्सिलीने लिहिले आहे.